सकाळी चाबी फिरतच नाही, दुपारी एका बोटाने फिरते : कॅम्परच्या दरवाजाचं लॉक बदलू का?

खिंडसीचा_वारा (मनीष नगर, नागपूर)

नमस्कार मंडळी, वर्षभरापासून इथे नुसतं वाचतो आहे, आज पहिल्यांदाच विचारून राहिलो, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडे जुनी ट्रॅव्हलर (मिनीबस) आहे, दोन वर्षांआधी एका बॉडीवाल्याकडून तिचं कॅम्पर करून घेतलं. दोन बेड, छोटा ओटा, सिंक, वर सोलर, एवढंच. पॅसेंजरचा जुना दरवाजा काढून त्याने तिथे बाहेर उघडणारा एकपाखी दरवाजा बसवला, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम अन् दोन्हीकडून पत्रा. लॉक म्हणजे बोटं घालून ओढायचं चपटं हॅन्डल असते ना तसलं, मधात चाबीचं भोक, आतून खटका. उन्हाळा काढला, पावसाळा काढला, या लॉकने एक दिवस त्रास दिला नाही.

डिसेंबर लागला अन् नाटक सुरू झालं. सकाळी चाबी अर्धीच जाते, नाही तर पूर्ण जाते पण फिरत नाही. दुपारी तीच चाबी, तेच लॉक, एका बोटाने फिरते. मागच्या पंधरवड्यात पेंचला गेलो होतो, सिल्लारीकडे मुक्काम, पहाटेची सफारी बुक केलेली. सगळे स्वेटर-मफलर घालून खाली उतरले अन् दरवाजा बाहेरून लॉकच होईना. आत कॅमेऱ्याची बॅग, लॅपटॉप, सगळं सामान, तसंच सोडून जाणार कसं? वीस मिनिटं खटपट केली, तिकडे जिप्सीवाला घड्याळ दाखवून राहिला, शेवटी बायको म्हणाली तुम्ही दोघं जा, मी बसते गाडीत. पोराला अन् मला वाघीण दिसली. हे परत आल्यावर सांगायला नको होतं, पण पोराने सांगून टाकलं. असो.

दुपारी एक वाजता सहज चाबी लावून पाहिली, तर फिरली, जसं काही झालंच नाही.

घरी आल्यावर चाबीवाल्याला बोलावलं, तो बिचारा आला दुपारी दोनला, चार वेळा चाबी फिरवली, म्हणे साहेब लॉक तं एकदम बढिया आहे, अन् दोनशे रुपये घेऊन गेला. बॉडीवाल्याला फोन केला तर तो म्हणतो लॉकचा पूर्ण सेट बदला, साडेचार हजार, वरून मजुरी वेगळी.

अजून एक, याचा त्याच्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही : दरवाजा दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. हे मात्र पावसाळ्यापासूनच आहे.

तर लॉक बदलू का? अन् या लॉकचं मेन्टेनन्स म्हणून तुम्ही लोक नेमकं काय करता? मी तर आजपर्यंत काहीच केलं नाही.

तर्री_पोहा

डब्ल्यूडी-४० चा स्प्रे मारा ना भाऊ, विषय खतम.

चाबीवाल्याचा_पोरगा (इतवारी)

थांबा भाऊ, काही मारू नका अन् काही बदलू पण नका. आधी दोन गोष्टी सांगा.

एक, लॉकमध्ये कोणी तेल घातलं का? कोणतं अन् कधी? "काहीच केलं नाही" म्हणणारे लोक आमच्या दुकानात रोज येतात अन् लॉक खोलला की आतून अर्धी वाटी तेल निघते.

दोन, उद्या सकाळी थंडी असतानाच दरवाजा उघडा ठेवून चाबी फिरवून पहा. उघड्या दरवाजात फिरली अन् बंद केल्यावर नाही फिरली तं दोष दरवाजाचा, लॉकवर जोर येऊन राहिला आहे. उघड्या दरवाजात पण नाही फिरली तं दोष चाबीच्या भोकाच्या आत आहे. हे एवढं पाहिल्याशिवाय जो माणूस लॉक बदला म्हणते त्याले पैसे देऊ नका.

खिंडसीचा_वारा

आज सकाळी साडेसहाला करून पाहिलं. दरवाजा सताड उघडा, तरी चाबी फिरली नाही. नऊ वाजता ऊन आल्यावर फिरली.

तेलाचं विचारलं तर आत्ता आठवलं. दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला, पूजा केली, सासरे आले होते. त्यांची पद्धत अशी की दसऱ्याला घरातल्या कात्रीपासून गेटपर्यंत सगळ्याला तेल सोडायचं. त्यांनीच कॅम्परच्या बिजागऱ्यांना अन् लॉकमध्ये तेल सोडलं. खोबरेल. पण त्यानंतर पूर्ण ऑक्टोबर-नोव्हेंबर लॉक उलट जास्त मऊ चालत होतं, म्हणून माझ्या डोक्यात ते आलंच नाही.

चाबीवाल्याचा_पोरगा (इतवारी)

हां. बाथरूममधल्या तेलाच्या बाटलीकडे एकदा जाऊन पाहून या भाऊ. जमली आहे ना? तेच तुमच्या लॉकमध्ये जमलं आहे. लॉक खराब नाही झालं, सासऱ्यांनी त्याचा बर्फ केला 😄

खोबरेल तेल २४ डिग्रीच्या आसपास थिजते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याकडे दिवसा तरी तेवढी थंडी नसते म्हणून ते पातळ होतं अन् तुम्हाले वाटलं लॉक मऊ झालं. डिसेंबरात रात्री पारा दहाच्या खाली गेला की झालं तूप. आपल्या नागपूरची थंडी लोक हलक्यात घेतात, २०१८ च्या डिसेंबरात इथे ३.५ डिग्री झालं होतं, अन् पेंचच्या जंगलात तं शहरापेक्षा जास्तच लागते.

आत काय होते ते सांगतो. या चपट्या हॅन्डलच्या लॉकमध्ये पितळेच्या किंवा जस्ताच्या बारीक पत्त्या असतात, एकेका पत्तीखाली केसाएवढी स्प्रिंग. चाबी घातली की तिच्या दात्यांप्रमाणे पत्त्या वर-खाली होऊन एका रेषेत येतात, तेव्हाच मधला गोळा फिरते. तेल थिजलं की त्या स्प्रिंगमध्ये एवढा दम नसते की ती पत्तीले परत ढकलेल. एक पत्ती जरी अडकली तरी चाबी फिरणार नाही. जोर लावाल तं चाबी पिळेल नाही तं तुटेल, अन् तुटकी चाबी काढायचे पैसे वेगळे. 

आता साफ कसं करायचं. दुपारी करा, ऊन असताना, लॉक गरम असताना. हेअर ड्रायर असेल तं दोन मिनिट दुरून हवा द्या म्हणजे तेल पातळ होईल. मग इलेक्ट्रिकच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे भेटते, नाही तं आयसोप्रोपिल अल्कोहोल, बारीक नळी लावून भोकात मारा, खाली कपडा धरा. चाबी आत-बाहेर करा, पुसा, परत मारा. पहिल्या वेळी चाबी काळी-पिवळी निघेल, चाबी कोरडी अन् साफ निघेपर्यंत करत राहा, सहा-सात वेळा तरी लागते. पेट्रोल मारू नका, प्लॅस्टिकचं हॅन्डल अन् रबर खाते, अन् तुमच्या गाडीत ओट्याचं सिलिंडर पण असेल. क्लीनर पण पेट घेते म्हणून दरवाजा उघडा ठेवून करा अन् जवळ बिडी-सिगारेट नको.

पूर्ण सुकू द्या, तासभर. मग कोरडं वंगण. ग्रॅफाइटची पावडर भेटते, लोहा ओळीत कोणत्या पण हार्डवेअरवाल्याले मागा. ते नाही भेटलं तं पोराची पेन्सिल घ्या, ४बी किंवा ६बी, चाबीच्या दोन्ही बाजूंनी चांगली घासा अन् चाबी दहा वेळा आत-बाहेर करा. माझे बाबा चाळीस वर्षं हेच करून राहिले.

अन् तो चाबीवाला दुपारी आला होता ना, त्याची चूक नाही. दुपारी कोण पण तेच सांगितलं असतं.

लंडनचा_वऱ्हाडी

मूळचा अकोल्याचा, सध्या इंग्लंडमध्ये, दहा वर्षं झाली मोटरहोम वापरतो म्हणून लिहितो. वरचं सगळं बरोबर आहे फक्त ग्रॅफाइटबद्दल माझं मत वेगळं आहे. ग्रॅफाइट कोरड्या जागी उत्तम, पण लॉकमध्ये आधीचं थोडं जरी तेल उरलं असेल किंवा ओल गेली असेल तर त्याचा काळा चिखल होतो आणि मग ते तेलापेक्षा वाईट. शिवाय ग्रॅफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे सेन्ट्रल लॉकिंगचा स्विच लॉकच्या मागे असेल तर तिथे ते नकोच. इकडे आता बहुतेक लोक पीटीएफईचा ड्राय स्प्रे वापरतात, म्हणजे नॉनस्टिक तव्याचं कोटिंग असतं ना तोच पदार्थ. मारताना ओला असतो, दोन मिनिटात उडून जातो आणि मागे कोरडा थर राहतो, धूळ चिकटत नाही.

इकडच्या कॅरॅव्हानच्या दरवाजांना हार्टल, कॅरालॉक अशा नावांची लॉकं येतात आणि त्यातल्या बऱ्याच लॉकांमध्ये चाबीचा गोळा वेगळा मिळतो, हॅन्डल तसंच ठेवून फक्त तो बदलता येतो. आपल्याकडच्या बॉडीवाल्यांना हे विचारून पहा, सगळा सेट बदलायची खरंच गरज आहे का, नाहीतर डावा-उजवा चुकीचा सेट आणतील आणि दरवाजाला नवीन भोकं पाडून ठेवतील.

इकडे हिवाळ्यात लोक कॅरॅव्हान चार महिने उभी करून ठेवतात आणि वसंतात पहिल्यांदा चाबी लावायला गेले की नेमकी ती मोडते. म्हणून उभी करायच्या आधी एकदा आणि मधे एकदा जाऊन सगळी लॉकं नुसती उघड-बंद करून यायची. आपल्याकडे लोक उन्हाळ्यात गाडी उभी ठेवतात, तेव्हा हेच करा.

चाबीवाल्याचा_पोरगा (इतवारी)

दादा तुमचं पीटीएफई चांगलंच आहे, मी नाही म्हणत नाही, पण चारशे-पाचशेचा डबा आहे अन् पेन्सिल घरात पडलेली आहे. साफ केल्याशिवाय दोन्हीपैकी काही पण घातलं तं चिखलच होणार. अन् दोन्ही एकत्र घालू नका कोणी, एक काय ते ठरवा.

तर्री_पोहा

अबे पण डब्ल्यूडी-४० ने काय वाईट होते ते कोणीच नाही सांगून राहिलं. माझ्या स्प्लेंडरच्या लॉकले मी दर महिन्याला मारतो, मस्त चालते.

डेपोवाले_काका

दर महिन्याला मारावं लागतं, यातच उत्तर आलं की बाळा.

त्याच्या नावातच लिहिलेलं आहे ते काय आहे. डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवणारं, आणि चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून ४०. १९५३ साली अमेरिकेत बनवलं ते गंज लागू नये, ओल निघून जावी म्हणून. जाम झालेलं सोडवायला, मळ भिजवायला फार छान. पण वंगण म्हणून ते टिकत नाही, उडून जातं आणि जो पातळ चिकट थर मागे राहतो त्यावर धूळ बसते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जी धूळ उडते ती त्यावर बसून मेण तयार होतं. म्हणून ते मारा, पुसा, सुकवा आणि नंतर कोरडं वंगण द्या, असं असेल तर माझी हरकत नाही.

आता मूळ प्रश्नातल्या दुसऱ्या भागाकडे येतो कारण त्याला कोणी हातच लावला नाही. मी तीस वर्षं बसगाड्यांच्या बॉडीचं काम केलं, आता रिटायर. दरवाजा दोनदा आपटावा लागतो हे मला लॉकपेक्षा जास्त गंभीर वाटतं. प्रत्येक आपटण्याचा मार लॉकच्या आतल्या जिभेवर आणि तिला हलवणाऱ्या जस्ताच्या तुकड्यावर, म्हणजे कॅमवर बसतो, जस्ताचं ओतकाम वाकत नाही, एक दिवस सरळ तुटतं. आज तेल काढाल, लॉक चालेल, आणि सहा महिन्यांनी तेच लॉक आपटून आपटून माराल.

दरवाजा का लागत नाही याची तीन-चारच कारणं असतात. पहिलं म्हणजे दरवाजा खाली बसला. घराच्या दरवाजाला कोणी शंभर किलोमीटर खड्ड्यातून नेत नाही, गाडीच्या दरवाजाला रोज नेतात, वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होतात आणि कुलपाकडची बाजू तीन-चार मिलिमीटर खाली येते. बघायचं कसं, दरवाजा अर्धा उघडा आणि कडेला धरून वर उचलून पहा, खाडखाड हलला तर बिजागरी. हलत नसेल तर फ्रेमवरची जी पट्टी असते जिच्यात जीभ अडकते, तिच्यावर रंगीत खडू घासा, दरवाजा हळूच लावा आणि उघडून खूण पहा. जीभ भोकाच्या मधोमध लागायला हवी. खालच्या कडेला घासत असेल तर दरवाजा बसला आहे.

इथे लोक काय करतात, पट्टी काढून दोन मिलिमीटर खाली लावतात आणि झालं म्हणतात. ते करू नका. आधी बिजागरी घट्ट करा, मग पट्टीला हात लावा. नाहीतर दरवाजा बसतच राहील आणि तुम्ही पट्टी खाली नेतच राहाल. कन्व्हर्जनच्या गाडीत बहुतेक वेळा पत्र्याच्या मागे लाकूड किंवा प्लाय असतं आणि स्क्रू त्यात असतात, पावसाचं पाणी त्यात मुरलं की प्लाय फुगतो, कुजतो, स्क्रू नुसता फिरत राहतो. तुमचं पावसाळ्यापासून आहे म्हणता, म्हणून मला तोच संशय आहे. असं निघालं तर मोठा स्क्रू ठोकून भागणार नाही, आरपार नट-बोल्ट घाला आणि मागे पट्टी द्या. बोल्टला थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट ढिला होऊ नये म्हणून लावायचा गोंद, निळा घ्या, लाल नको, लाल परत खोलताना रडवतो. आणि तो प्लॅस्टिकवर सांडू देऊ नका, काही प्लॅस्टिकला त्याने चिरा जातात. 

दुसरं, गाडी कुठे उभी होती? चारही चाकं सपाट जागेवर नसतील तर एवढी लांब बॉडी पिळते आणि दरवाजाची चौकट चौकोनी राहतच नाही. लेव्हल न करता दरवाजावर जोर काढू नका, आधी चाकाखाली लाकडी गुटके घाला मग दरवाजा लावून पहा. तिसरं ऊन. दुपारी बाहेरचा पत्रा साठ डिग्रीच्या घरात तापतो, आत एसी, मग बाहेरची बाजू पसरते आणि आतली नाही, दरवाजा धनुष्यासारखा वाकतो. दोन मीटरच्या आतला अ‍ॅल्युमिनियमचा दरवाजा पन्नास डिग्रीच्या फरकात दोन मिलिमीटरपर्यंत वाढतो, म्हणून अंतर अगदी चिकटवून कधी ठेवायचं नाही. २०१३ च्या मेमध्ये नागपूर ४७.९ ला गेलं होतं तेव्हा आमच्या कित्येक गाड्यांचे दरवाजे दुपारी लागत नव्हते, संध्याकाळी लागायचे. तुमच्या तक्रारीच्या अगदी उलट.

बिजागऱ्यांना आणि लॉकच्या जिभेला मात्र ग्रीस चालतं, पांढरं लिथियम ग्रीस, मुगाच्या दाण्याएवढं. तिथे पत्त्या-स्प्रिंगा नसतात, धातू धातूवर घासतो. चाबीच्या भोकात ग्रीस घालणारा माणूस माझ्या हाताखाली असता तर त्याला मी दिवसभर चाकं धुवायला लावली असती.

गाडीतलं_घर (प्रताप नगर)

काका किती छान सांगितलंत! खडू मिळाला नाही म्हणून मी एकदा कुंकू लावून पाहिलं होतं जिभेला, एकदम स्पष्ट खूण उमटते, फक्त नंतर नीट पुसा, माझ्या पांढऱ्या दरवाजावर अजून गुलाबी डाग आहे.

दरवाजाच्या रबराबद्दल कोणी बोललं नाही. आमची गाडी मे महिन्यात दहा दिवस उभी होती, दरवाजा उघडायला गेले तर रबर चौकटीला चिकटलेलं, हॅन्डल ओढून ओढून हॅन्डलच हातात आलं. म्हणजे लॉकचा काही दोष नव्हता, रबराने खेचून धरलं होतं. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी रबर ओल्या कपड्याने पुसते, सुकलं की सिलिकॉन स्प्रे कपड्यावर घेऊन लावते, नसेल तर साधी टाल्कम पावडर. ग्रीस, इंजिन ऑइल, डब्ल्यूडी-४० काहीच रबराला नाही, रबर फुगतं आणि भुसभुशीत होतं. आणि रबर दबलं आहे का ते बघायला कागदाची पट्टी दरवाजात धरून दरवाजा लावायचा आणि पट्टी ओढायची, थोडी अडकून निघायला हवी. सहज निघाली तर तिथून पाणी येणार, अजिबात निघाली नाही तर तिथे रबर जास्त जाड आहे आणि म्हणूनच दरवाजा आपटावा लागतो. माझ्या गाडीत वॉशिंग सेंटरवाल्याने प्रेशरचा फवारा थेट चाबीच्या भोकात मारला होता, तेव्हापासून मी धुवायला देताना भोकावर सेलोटेप लावूनच देते, हसतात ते, हसू देत.

चाब्यांचं पण सांगते. नवीन लॉक आलं की चाबीवर किंवा लॉकच्या तोंडावर बारीक नंबर असतो, तो घरी डायरीत लिहून ठेवा, गाडीत नको आणि ग्रुपवर फोटो तर मुळीच टाकू नका. मूळ चाबी रोज वापरू नका, तिची कॉपी वापरा आणि नवीन कॉपी करताना नेहमी मूळ चाबीवरूनच करा. कॉपीची कॉपी काढली की दाते थोडे थोडे सरकत जातात आणि मग लोक म्हणतात लॉक खराब झालं.

आणि शेवटचं, हे मी प्रत्येक ठिकाणी लिहिते, चालेल मला कोणी म्हणालं तरी की ताई तेच तेच बोलतात. आतून दरवाजा चाबीशिवाय, अंधारात, एका हाताने उघडलाच पाहिजे. काही जण चोरीच्या भीतीने बाहेरून कडी-कोयंडा बसवून वर मोठं कुलूप लावतात. आमच्या एका ट्रिपमध्ये एकांनी सवयीने ते कुलूप लावलं आणि सगळे चहाला गेले, मुलगी आत झोपलेली. पाच मिनिटांचाच खेळ, पण ती उठून रडत होती आणि चाबी ज्यांच्याकडे ते पुढच्या टपरीवर. गाडीत गॅस असतो, इन्व्हर्टर असतो. आतला खटका महिन्यातून एकदा मुलांकडून उघडून घ्या, मोठ्यांकडून नाही, मुलांच्या हाताला तो झेपतो का ते कळतं.

वाडीवाला_सोलर

ज्यांच्याकडे रिमोटचं सेन्ट्रल लॉक आहे त्यांच्यासाठी छोटंसं, सकाळी रिमोटने लॉक नुसतं टक् करून थांबत असेल तं आधी बॅटरीचं व्होल्टेज पहा, रात्रभर फ्रिज-पंखे चालवले की मोटरले जोर भेटत नाही. बॅटरी ठीक असेल तं दरवाजा अन् बॉडीच्या मधात जी वायर वाकते ना रबरी नळीतून, ती नळी सरकवून पहा, आतली वायर तुटलेली निघते दहातून सात वेळा. अन् रिमोट आहे म्हणून चाबी वापरणं सोडू नका, वर्षभर न वापरलेलं भोक ऐन वेळी धोका देते.

कोरडवाहू

मी कॅम्परच्या बाहेरच्या झाकणांना, म्हणजे पाण्याची टाकी, सिलिंडरचा कप्पा, त्यांच्या छोट्या लॉकांना सायकलच्या ट्यूबचा तुकडा वरून स्क्रूने लावला आहे, दुकानाच्या शटरच्या कुलपाला लावतात तसा. धूळ नाही पाणी नाही, खर्च शून्य, दिसायला मात्र भंगार. त्या छोट्या लॉकांमागचा नट पण ढिला होतो, मग पूर्ण लॉकच फिरते चाबीसोबत अन् माणसाला वाटते लॉक गेलं. पान्याने घट्ट केलं की झालं.

खिंडसीचा_वारा

मंडळी, अपडेट देतो, दहा दिवस लागले कारण मधात ऑफिस.

रविवारी दुपारी हेअर ड्रायर अन् कॉन्टॅक्ट क्लीनर घेऊन बसलो. पहिल्या दोन वेळी चाबीवर खरंच पिवळं तूप अन् त्यात दोन वर्षांची धूळ, खसखशीच्या लगद्यासारखं. नऊ वेळा करावं लागलं, सात नाही. सुकवलं, मग पोराची ६बी पेन्सिल घासली, लंडनच्या दादांनी माफ करावं, माझ्या लॉकमागे स्विच वगैरे काही नाही. परवा सकाळी सहाला मोबाईलवर ९ डिग्री दाखवत होतं, चाबी गेली, फिरली, परत फिरली. मी घरात जाऊन बायकोला उठवून आणलं पाहायला, ती म्हणाली हे पाहायला उठवलं का. तरी पेंचचं बुकिंग परत करून राहिलो आहे, तिच्यासाठी.

काका, तुमचा संशय शंभर टक्के खरा निघाला. दरवाजा उचलून पाहिला तर वरची बिजागरी हलते. कुंकू पण लावलं, जीभ भोकाच्या खालच्या कडेला घासत होती, जवळजवळ तीन मिलिमीटरचा फरक. वरच्या बिजागरीचे चारपैकी तीन स्क्रू नुसते फिरत होते, मागचा प्लाय ओला होऊन बिस्किटासारखा झालेला. वाडीला एका वेल्डरकडे नेली, कुजलेला प्लाय काढून आतून लोखंडी पट्टी अन् आरपार बोल्ट टाकले, निळा थ्रेडलॉकर मी स्वतः उभं राहून लावून घेतला, अन् वर सिलंट भरून घेतलं म्हणजे पुढच्या पावसात पाणी मुरायला नको. जीभ अडकते त्या पट्टीला हातही लावावा लागला नाही. आता दरवाजा एका ढकलण्यात लागतो, फक्त आमच्या सोसायटीच्या उतारावर उभी केली की अजून थोडा जोर लागतो, गुटके घ्यायचे आहेत.

एकूण खर्च साडेअकराशे. बॉडीवाल्याचा फोन आला होता, लॉकचा सेट मागवू का म्हणून. म्हटलं राहू द्या.

डेपोवाले_काका

शाबास. सिलंट मार्चमध्ये एकदा बोटाने दाबून पहा, आणि बोल्ट पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर.

तर्री_पोहा

अन् सासऱ्यांना सांगितलं का भाऊ?

खिंडसीचा_वारा

सांगितलं ना, जरा घाबरतच. म्हणाले आमच्या काळी कुलपं एवढी नाजूक नव्हती, अन् विषय बदलला. काल सकाळी त्यांच्याकडे गेलो तर गेटजवळ स्टूल टाकून बसले होते अन् गेटच्या कुलपाला गरम पाण्याच्या पिशवीने शेकून राहिले होते. मी काही बोललो नाही, गाडीतून क्लीनरचा डबा काढून बाजूला ठेवला.